उमाताईंचा रेगमाल

उमाताई दिघ्यांना कुणी घरी बोलावलं, तर त्या आल्या आल्या बसत नसत. आधी खुर्ची उलटी करत. यजमानीणबाई "अहो, पुसलेली आहे" म्हणेपर्यंत खुर्चीचे पाय वर झालेले असत आणि उमाताई बैठकीच्या खाली, कुणाला न दिसणाऱ्या जागी अंगठ्याचं नख ओढून बघत असत. मग खुर्ची सरळ करून, तिच्यावर ऐसपैस बसून त्या निकाल सांगत, "वार्निश आहे. रंग द्यायचा विचार आहे का?" यजमानीणबाईंच्या मनात तसलं काही नसे. चहा होईस्तोवर मात्र बहुधा यायला लागलेलं असे.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मध्य भारत राज्य नुकतंच झालं होतं. माझा मोठा भाऊ, दादा, इंदुरात सचिवालयात कारकून होता. वहिनीला सोबत व्हावी आणि माझं शिक्षणही वाया जाऊ नये म्हणून त्यानं मला देवासहून आणवून घेतलं. रामबागेत आमच्या दोन खोल्या होत्या, आणि जवळच्याच मुलींच्या शाळेत मला भूगोल शिकवायची नोकरी लागली. पहिल्या दिवशी शिक्षिकांच्या खोलीत मी अंग चोरून एका खुर्चीवर बसले होते. एक बुटक्या, गोल चेहऱ्याच्या बाई समोर येऊन उभ्या राहिल्या.

"जरा उठता का?"

मला वाटलं, त्यांची जागा असावी. मी उठले. त्यांनी खुर्ची उलटी केली, नख ओढलं, परत सरळ केली.

"बैठो. तुम्ही नवीन आहात, ही खुर्चीपण नवीन आली आहे. दोघींची ओळख करून घेतली."

त्या आमच्या ड्रॉइंगच्या बाई. वर्गात त्या फुलदाणी, कमळ, मोर असलं सगळं नेमाप्रमाणे शिकवत, पण त्यात त्यांचा जीव नव्हता. जीव होता लाकडावर, त्यातही वार्निश मारलेल्या जुन्या लाकडावर. त्या काळी इंदुरातल्या आम्हा मराठी लोकांच्या घरी जे काही फर्निचर असे ते काळपट, चमकदार आणि गंभीर असे. संस्थानी नोकरीतून आलेला तो एक रुबाब होता. उमाताईंना हे सगळं फिकट, हसरं करायचं होतं. "दिवसा घरात अंधार कशाला पोसायचा?" असं त्या विचारत.

दुसऱ्या बायका पर्समध्ये रुमाल ठेवतात तिथे उमाताईंच्या पर्समध्ये रेगमालाची घडी असे. रेगमाल म्हणजे लाकूड घासायचा वाळूचा कागद. शुद्ध मराठीत त्याला काचकागद म्हणतात हे त्यांना मालूम होतं, पण काचकागद या शब्दात घसघस ऐकू येत नाही, अशी त्यांची तक्रार होती. एकदा घाम पुसायला त्यांनी चुकून तोच काढला होता, असं मुली सांगत. मी ते पाहिलेलं नाही. पण त्यांच्या पदराला टर्पेंटाइनचा वास कायम असे आणि त्या व्हरांड्यात शिरल्या की बोलणारे वर्ग आपोआप चूप होत, हे मी रोज पाहिलं.

त्यांचं एक वाक्य होतं. "चिकन्यावर काही टिकत नाही बाई. पहिले खुरदरं करा." चिकनं म्हणजे गुळगुळीत, खुरदरं म्हणजे खरबरीत. हे त्या लाकडाबद्दल म्हणत, पण लाकडापाशी थांबत नसत. एकदा शिक्षण खात्याचे एक फारच गोडबोले साहेब शाळा बघायला आले. जाताना त्यांनी सगळ्यांची इतकी स्तुती केली की आमच्या मोठ्या बाई, म्हणजे हेडमिस्ट्रेस, हरखून गेल्या. उमाताई माझ्या कानाशी म्हणाल्या, "फार चिकने आहेत. आपलं काही चिकटायचं नाही यांच्यावर." आणि खरंच, मोठ्या बाईंनी मागितलेल्या नकाशांचं पुढे काही झालं नाही.

ही अक्कल त्यांना फुकटात आली नव्हती, आणि ती कशी आली हे सांगायला त्यांना फार आवडे. लग्न होऊन त्या इंदुरात आल्या तेव्हाची गोष्ट. त्यांचे यजमान विश्वनाथराव महूला छावणीतल्या एका कचेरीत होते. शनिवारी संध्याकाळी घरी येत, सोमवारी सकाळी परत जात. स्वभावानं इतके शांत की ते आलेत की गेलेत हे चपला बघून ठरवावं लागे. त्यांनी एकदा महूहून उरलेल्या रंगाचा डबा आणला. अस्सल फौजी हिरवा. संक्रांतीचं हळदीकुंकू तोंडावर आलेलं, आणि बैठकीत एक लांब बाक होता, काळा कुळकुळीत, वार्निशचा.

"मी काय केलं," उमाताई सांगत, "सरळ ब्रश घेतला आणि फासला रंग. असा चमकत होता की मी पहिला तिळगूळ त्यालाच दिला. मग आल्या जजसाहेबांच्या मिसेस. वजनदार बाई. त्या जिथं बसत तिथं तासभर बसत. उठल्या, तर बाकाचा रंगपण त्यांच्याबरोबर उठला. अख्खा. पापडासारखा. त्यांच्या आमसुली साडीवर मागून हे एवढं हिरवं मैदान. आणि खाली वार्निश जसंच्या तसं, माझ्याकडे बघून हसतंय."

साडी दर वेळी वेगळी असे. कधी आमसुली, कधी मोतिया, एकदा तर माहेश्वरी होती. मी एकदा तसं बोलून दाखवलं.

"रंगाचं काम करणाऱ्या बाईला साडीचा रंग बदलायचा हक्क आहे," त्या म्हणाल्या.

पण त्या दिवसानंतर उमाताई पेटल्या. गच्चीवर त्यांनी जुन्या वार्निशच्या फळ्यांचे तुकडे मांडले. एकावर नुसता रंग दिला. एक सोड्याच्या पाण्यानं धुऊन, वाळवून रंगवला. एक नुसता घासून रंगवला. आणि एक धुतला, घासला, ओल्या फडक्यानं धूळ टिपून घेतली, पातळ अस्तराचा हात दिला, तो वाळल्यावर परत हलकेच घासला आणि मग रंगाचे पातळ पातळ हात दिले. उन्हाळा, पावसाळा, हिवाळा असं सगळं त्या तुकड्यांनी गच्चीवर काढलं. येता-जाता उमाताई नख ओढत. पहिला उन्हाळ्यातच सोलवटला, मधले दोघे पावसात गेले. शेवटचा राहिला. तो तुकडा त्यांनी देव्हाऱ्याशेजारी उभा करून ठेवला होता. त्याला कुंकू मात्र लावलं नव्हतं, असं त्या आवर्जून सांगत.

सियागंजातला रंगवाला त्यांना पाहिलं की डबे खाली काढायच्या आधी कागदाच्या थप्पीला हात घाली. मी एकदा बरोबर गेले होते, तेव्हा मला म्हणाला, "सब लोग रंग ज्यादा ले जाते हैं, रेगमाल कम. ये बेनजी उलटा करती हैं."

"उलटी मी नाही भिया," उमाताई म्हणाल्या, "उलटे तुमचे बाकी सगळे गिऱ्हाईक."

शाळेत त्यांच्या या विद्येला मोठा मान मिळाला तो बाकांमुळे. वार्षिक तपासणीआधी मोठ्या बाईंनी ठेकेदाराकडून वर्गातले सगळे बाक करड्या रंगानं रंगवून घेतले. खाली जुनं वार्निश होतंच. उमाताईंनी आधीच सांगितलं होतं, पण मोठ्या बाईंना घाई होती. तपासणी छान झाली. मग उन्हं तापायला लागली आणि रंगाचे पोपडे सुटले. मुलींना नवाच उद्योग मिळाला. पोपड्याखाली नख घातलं की तो सुर्रकन निघे, आणि त्यात असं काही सुख होतं की गणिताच्या तासाला अख्खा वर्ग खाली मान घालून बसायला लागला. गणिताच्या बाईंना वाटलं, मुलींना अखेर गोडी लागली. माझ्या वर्गातल्या एका मुलीनं पोपडे सोलून सोलून आपल्या बाकावर दक्षिण अमेरिका काढली होती. खालचं टोक इतकं बरोबर उतरलं होतं की मला तिला रागावता येईना.

मोठ्या बाईंना रागावता आलं. त्यांनी मुलींना ओळीनं उभं केलं. तेव्हा उमाताई पुढे झाल्या आणि म्हणाल्या, "मुलींनी काढलेला नाही. मुळात तो बसलाच नव्हता. पाहुणा होता, गेला."

मोठ्या बाई हुशार होत्या. त्यांनी त्याच क्षणी सगळे बाक उमाताईंच्या गळ्यात घातले.

मग ड्रॉइंगच्या तासाला कमळं आणि मोर बंद झाले आणि शाळेच्या मागच्या अंगणात मुली बाक घासायला लागल्या. एका मुलीचे वडील तक्रार घेऊन आले. आम्ही मुलीला शिकायला पाठवतो की सुतारकाम करायला, असा त्यांचा सवाल होता. उमाताईंनी त्यांना शांतपणे ऐकून घेतलं. मग त्यांच्या हातात रेगमालाचा तुकडा दिला आणि म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं. मोठ्या बाई येईपर्यंत जरा हा कोपरा बघता का? मुलींचा हात पोचत नाही." मोठ्या बाई आल्या तेव्हा ते गृहस्थ कोट काढून, बाह्या सरसावून दुसऱ्या बाकावर पोचले होते. तक्रार त्यांनी केली, पण ती रेगमाल फार बारीक आहे अशी होती.

ते बाक टिकले. मी शाळेत होते तोवर तरी त्यांचा टवकाही उडाला नाही.

आता एवढं सगळं असून इंदुरात एक घर असं होतं जिथं उमाताईंचा रेगमाल चालत नसे, आणि ते होतं त्यांचं स्वतःचं. जजसाहेबांच्या मिसेसच्या प्रकरणानंतर त्यांच्या सासऱ्यांनी हुकूम काढला होता की या घरातल्या लाकडाला सूनबाईंनी हात लावायचा नाही. बाकावरचा उरलासुरला हिरवा रंग त्यांनी स्वतः पुसून काढला आणि तो पुन्हा काळा कुळकुळीत केला.

सासऱ्यांना गाव भाऊसाहेब म्हणे, उमाताई मामंजी म्हणत. भाऊसाहेब संस्थानाच्या फरासखान्यात होते. फरासखाना म्हणजे राजवाड्यातल्या खुर्च्या, गालिचे, तंबू, पडदे सांभाळणारं खातं. दसऱ्याआधी दरबारच्या खुर्च्यांना वार्निश बसवायचं काम त्यांच्या देखरेखीखाली होई, आणि ते नुसती देखरेख करून थांबत नसत, हातात फडकं घेऊन स्वतः बसत. निवृत्त होताना त्यांना एक गोल टेबल, तिवया, कपाट, बाक आणि एक आरामखुर्ची अशी सागवानी भेट मिळाली होती. संस्थान विलीन झालं, फरासखान्याला कुलूप लागलं; पण भाऊसाहेबांच्या बैठकीत तो अजून चालू होता. कुणी "आता मध्य भारत झालं" असं म्हटलं की ते म्हणत, "झालं असेल. टेबलावर पेला ओला ठेवू नका."

मी त्या घरी जायला लागले तोवर भाऊसाहेबांची नजर गेल्यातच जमा होती. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन बिघडलं होतं आणि दुसऱ्याला ते कुणाला हात लावू देत नव्हते. बैठक गल्लीकडे तोंड असलेली, अंधारी. खाली काळी फरशी आणि तिच्यावर हे काळपट फर्निचर. डोळसांनासुद्धा तिथं एकदा गुडघा आपटल्याशिवाय बसता येत नसे. भाऊसाहेब तर रोजच कुठं ना कुठं आपटत, आणि मग ज्या तिवईला आपटले तिचीच क्षमा मागितल्यासारखे तिच्यावरून हात फिरवत. एकदा ते तिवईला अडखळून पडले, ते कपाळ फोडून घेऊन. त्यानंतर ते आरामखुर्चीतून उठेनासे झाले. विश्वनाथराव महूला, उमाताई शाळेत. सकाळी सूनबाई निघाल्यापासून संध्याकाळी परत येईपर्यंत भाऊसाहेब त्या खुर्चीत बसून असत.

एक दिवस शाळा लवकर सुटली आणि मी उमाताईंबरोबर त्यांच्या घरी गेले. भाऊसाहेब पाय वर घेऊन खुर्चीत बसले होते. खाली फरशीवर पाणीच पाणी, तांब्या लोळत कपाटाखाली गेलेला. उमाताई रोज शेजारच्या तिवईवर पाणी ठेवून जात. ते चाचपताना त्यांच्या हातून कलंडलं होतं, बहुतेक सकाळीच.

"मामंजी, शेजारी हाक मारायची ना," उमाताई म्हणाल्या.

"पाण्यासाठी हाका मारायच्या?" भाऊसाहेब म्हणाले. ओठ कोरडे पडले होते, पण आवाज दरबारी होता.

उमाताईंनी त्यांना पाणी दिलं, फरशी पुसली, तांब्या काढला. मला पोचवायला ओट्यावर आल्या तेव्हा म्हणाल्या, "शालू, त्यांना अगदीच दिसत नाही असं नाही. फिकट दिसतं. मी पांढरी साडी नेसले की आली म्हणून कळतं. भिंत दिसते. फर्निचर तेवढं दिसत नाही."

"मग?"

"मग काय. रंग."

त्यांनी सरळ विचारून पाहिलं. भाऊसाहेबांनी शांतपणे सांगितलं, "मी गेल्यावर द्या. तोच हिरवा द्या."

तेव्हा उमाताईंनी कट केला आणि त्यात मला घेतलं. सुरुवात तिवयांपासून करायची, मागच्या पडवीत नेऊन. प्रश्न आवाजाचा होता. नजर गेल्यापासून भाऊसाहेबांचे कान फार तिखट झाले होते. म्हणून रविवारी दुपारी मी भाऊसाहेबांना वर्तमानपत्र वाचून दाखवायचं आणि त्या आडून उमाताईंनी पडवीत तिवई घासायची, असं ठरलं. मोठ्यानं वाचायचं, एवढीच मला सूचना होती.

मी वाचायला लागले. अग्रलेखाला घासण्याचा आवाज बेताचा येई, ते निभावलं. पण उमाताईंना जोर चढला की मलाही चढवावा लागे, आणि तो नेमका कुठं चढेल याचा भरवसा नसे. माळव्यातल्या कापसाच्या बातमीवर मी एकदा असा आवाज लावला की गल्लीतून जाणारा माणूस खिडकीशी थांबून ऐकायला लागला. केसांच्या तेलाची जाहिरात तर मी सभेतल्या भाषणासारखी वाचली. भाऊसाहेब डोळे मिटून ऐकत. मधेच म्हणत, "भूगोलवाल्या बाई, तुमच्या शाळेत मुली बहिऱ्या आहेत का?"

वासाचंही होतंच. टर्पेंटाइन लपवायला उमाताई त्याच वेळी हिंगाची फोडणी देत. दुपारी, सगळ्यांची जेवणं झाल्यावर.

असे काही रविवार गेले. मग एका दुपारी मी वाचत असताना भाऊसाहेबांनी हात वर केला. "थांबा."

मी थांबले. पडवीतला रेगमाल एक क्षण उशिरा थांबला. घस्स, आणि मग चूप.

"सूनबाई," भाऊसाहेब आतल्या दिशेनं म्हणाले, "लाकडाच्या रेषेला आडवं घासताय तुम्ही. मघापासून ऐकतोय. खरखर येतेय. रेषेबरोबर घासलं की सरसर येते."

उमाताई दारात आल्या. हात धुळीनं माखलेले, पदर खोचलेला. मला वाटलं, आता काही तरी सारवासारव करतील. त्यांनी केली नाही.

"तुम्हाला कधीपासून मालूम आहे?"

"पहिल्या रविवारपासून. केसांच्या तेलाची जाहिरात कुणी असं वाचत नाही." मग जरा थांबून म्हणाले, "ते वार्निश मी बसवलंय. असं सहजी निघायचं नाही."

"काढायचं नाहीच आहे मामंजी," उमाताई म्हणाल्या. त्या खाली त्यांच्या पायाशी बसल्या होत्या. "ते राहणारच आहे खाली. मी फक्त त्याचा तोरा उतरवतेय. नाही तर वरचा रंग धरणार नाही. आणि रंग नाही धरला तर तुम्हाला टेबल दिसणार नाही. मी रोज शाळेत असते आणि इथं तुम्ही पडलात की काय, तहानले आहात की काय, हेच डोक्यात असतं. मुलींच्या मोरांना मी निळ्याऐवजी काहीही रंग देते."

भाऊसाहेबांनी दोन्ही हात पुढे केले.

"आणा ती तिवई," ते म्हणाले.

तिवई आणली. त्यांनी मांडीवर घेतली आणि बोटांची टोकं हळूहळू तिच्यावरून फिरवली. वरून, कडेवरून, पायांच्या सांध्यातून. एका ठिकाणी बोट थांबलं.

"इथं राहिलंय. अजून चिकनं आहे."

उमाताईंनी तिथं बघितलं. खरंच, कडेच्या खाली नखाएवढी चमक होती.

तिथून पुढचे सगळे रविवार त्या दोघांचे होते. उमाताई घासत आणि भाऊसाहेब बोटांनी तपासत. ते भयंकर परीक्षक निघाले. इतक्या दिवसांत उमाताईंना नापास करणारं कुणी भेटलं नव्हतं; आता दर रविवारी भेटायला लागलं. टेबलाचा एक पाय त्यांनी इतक्या वेळा परत पाठवला की उमाताई मला म्हणाल्या, "हा पाय आता खराट्याच्या काडीएवढा होणार." अस्तराचा हात वाळला की नाही हे ते नाकानं ओळखत. वाळायच्या आत दुसरा हात द्यायचा नाही यावर मात्र सासरा-सुनेचं पहिल्यापासून एकमत होतं. त्यामुळे विश्वनाथरावांची फार पंचाईत झाली. आठवडाभर कचेरीत खुर्चीवर बसून ते घरी येत तेव्हा घरातलं सगळं ओलं असे. कित्येक रविवार त्यांनी दारातल्या पायपुसण्यावर बसून पेपर वाचला. तक्रार केली नाही. एकदा फक्त मला म्हणाले, "महूला चार दिवस जास्त राहिलो तर कुणाच्या लक्षात येईल का हो?"

रंग ठरवतानाही परीक्षा झाली.

"कोणता देणार?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"मुगाच्या डाळीचा."

"धुतलेल्या की न धुतलेल्या?"

"धुतलेल्या. सालाची हिरवी नव्हे."

"मग ठीक आहे."

आरामखुर्चीला त्यांनी हात लावू दिला नाही. "तिला मी अडखळत नाही," ते म्हणाले, "मी तिच्यातच असतो." उमाताईंनी ते मान्य केलं. त्यामुळे त्या फिकट पिवळ्या बैठकीत ती एक काळी आरामखुर्ची आणि तिच्यात पांढरं धोतर नेसलेले भाऊसाहेब, असं मोठं ऐटबाज दृश्य दिसे.

सगळं झालं. काळ्या फरशीवर ते टेबल, बाक, तिवया अशा उठून दिसत की आम्ही दारातून आत येताना उगीचच थबकत असू. शेजारपाजारच्या बायका बघून गेल्या. उमाताईंनी नख ओढून पाहिलं, ओल्या फडक्यानं पुसून पाहिलं. रंग हलला नाही.

आणि भाऊसाहेब उठले नाहीत.

आज उठतील, उद्या उठतील, म्हणून आम्ही वाट पाहिली. ते खुर्चीत बसून समोर बघत राहत, बोलत, पेपर ऐकत, चौकशा करत. टेबल दिसतं का विचारलं तर "दिसतं की" म्हणत. पण पाय खाली टेकवून उभं राहायचं म्हटलं की दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर घट्ट होत. उमाताई रोज पाणी ठेवून शाळेत येत आणि मधल्या सुट्टीत माझ्याजवळ बसून भाकरीचा तुकडा नुसता हातात धरून ठेवत. मी एकदा म्हटलं, "तुम्ही त्यांना हात धरून उठवत का नाही?"

"रंग बसलाय," त्या म्हणाल्या. "माणूस अजून ओला आहे. ओल्याला हात लावायचा नाही शालू. बोटं उमटतात."

त्यांनी खरंच हात लावला नाही. उठा म्हणाल्या नाहीत, वैतागल्या नाहीत, एवढी मेहनत केली असंही कधी बोलल्या नाहीत. नुसत्या वाट बघत राहिल्या. माझ्याच्यानं ते झालं नसतं.

मग मध्य भारतच संपलं. नवं राज्य झालं, राजधानी भोपाळला गेली आणि दादाची कचेरीही. आमचं बिऱ्हाड हलायचं ठरलं. निघायच्या दिवशी सामान घेऊन दादा-वहिनी पुढे स्टेशनवर गेले आणि मी टांगा करून उमाताईंचा निरोप घ्यायला गेले. टांगा गल्लीच्या तोंडाशी उभा केला, आलेच म्हणाले आणि आत शिरले.

दुपारची वेळ होती. उमाताईंनी रजा काढली होती. त्यांनी मला बाकावर बसवलं, बेसनाचे लाडू बांधून दिले, भोपाळला गेल्यावर घरमालकाचं फर्निचर आधी उलटं करून बघायला सांगितलं. भाऊसाहेबांना मी नमस्कार केला. त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि "तिकडे जरा हळू वाचत जा" असा आशीर्वाद दिला. उमाताई आतून दह्याची वाटी आणि चमचा घेऊन आल्या. माझ्या एका हातात लाडूंचा डबा, दुसऱ्या तळहातावर दही. तेवढ्यात टांगेवाला ओरडायला लागला.

"ओ बेनजी, टेसन का टेम हो रिया है. चलना है कि नी चलना?"

मी दही तोंडात टाकलं. उमाताई "येताहेत, येताहेत" म्हणाल्या, पण त्यांचा आवाज गल्लीच्या तोंडापर्यंत काही जाईना. टांगेवाला पुन्हा ओरडला.

"मी सांगतो त्याला," भाऊसाहेब म्हणाले.

आम्हाला वाटलं, बसल्या जागेवरून हाक मारतील. त्यांनी पाय खाली टेकवले, खुर्चीच्या हातांवर जोर दिला आणि ते उभे राहिले. उमाताईंच्या हातातला चमचा वाटीतच राहिला. भाऊसाहेबांनी एक पाऊल टाकलं. तिवईच्या शेजारून, तिला न लागता, ते पुढे गेले. उमाताईंनी झटकन भिंतीकडे तोंड केलं आणि डोळे घट्ट मिटून घेतले.

"कुठं आहेत?" त्या कुजबुजल्या.

"टेबलाशी."

"मग?"

भाऊसाहेब टेबलासमोर थांबले होते. रस्त्यात ओळखीचं कुणी दिसलं की माणूस मान जराशी तिरपी करून बघतो, तसे बघत होते. मग ते डावीकडून वळले.

"वळले," मी म्हटलं.

"बाकाला लागले?"

"नाही."

भाऊसाहेब दारात पोचले. चौकटीला हात लावून त्यांनी एक दीर्घ श्वास घेतला आणि फरासखान्यातल्या नोकरांना दिला असेल तशा खणखणीत आवाजात गल्लीत हुकूम सोडला, "ओ भिया, सबर करो जरा. बेनजी आ रही हैं. घर में दही दे रहे हैं."

टांगेवाला गप्प झाला.

उमाताईंनी डोळे उघडले, पण त्या दाराकडे गेल्या नाहीत. तिकडं बघितलंही नाही. नाक ओढलं, पदरानं तोंड पुसलं, माझ्याकडे बघितलं आणि आपण मला एकदा दही दिलेलं आहे हे विसरून माझ्या तळहातावर पुन्हा एक चमचा घातला. मी तेही खाल्लं.